मुंग्यांवाली लिफ्टच्या ऑफिसात

माझ्या भाचीला घरात सगळे छोटी म्हणतात. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि माळ्यावरचा डबा स्टूल न घेता काढते, तरी नाव छोटीच. हे नाव पडले तेव्हा ते बरोबर होते. नंतर ते दुरुस्त करायचे कोणाला सुचले नाही, इतकेच.

ती विद्यापीठात मुंग्यांवर संशोधन करत होती. "मुंग्यांवर" असे मी कोणाला सांगितले की ती लगेच सुधारायची, "मुंग्यांच्या कामावर, मामा." वारुळातली कोणती मुंगी पिल्ले सांभाळते, कोणती कचरा टाकते, कोणती बाहेर अन्न शोधायला जाते, आणि एका कामातली मुंगी दुसऱ्या कामात केव्हा आणि का जाते, हा तिचा विषय. प्रयोगशाळेत काचेच्या सपाट डब्यांमध्ये तिची वारुळे होती. प्रत्येक मुंगीच्या पाठीवर ती रंगाचे बारीक ठिपके द्यायची, म्हणजे कोण कोण ते ओळखू यावे, आणि मग तासन्‌तास डब्यापुढे बसून बघत राहायची. नियम एकच होता: बघायचे, हात लावायचा नाही. आमच्या शेजाऱ्यांना माझी बायको सांगायची, "भाची मुंग्यांच्या नोकरभरती खात्यात आहे."

ताईचे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, घर दुसऱ्या गावाला, म्हणून सगळे शिक्षण होईपर्यंत छोटी आमच्याकडेच राहिली. प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षा तेवढी व्हायची होती. आणि ज्या मुलीला शेकडो मुंग्यांना कोणती नोकरी कशी लागली हे तोंडपाठ होते, तिला स्वतः काय करायचे ते ठरवता येईना.

तसा प्रश्न पडायचे कारण नव्हते. तिला शिकवणाऱ्या सरांनी एका लांबच्या संस्थेत तिच्यासाठी पद मिळवून ठेवले होते. दोन वर्षांचे काम, पुन्हा मुंग्याच, फक्त आकाराने जरा मोठ्या. महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही कळवायचे होते.

"मग कळव की हो," मी जेवताना म्हणालो.

"कळवेन."

"अडलंय कुठे?"

तिने ताटातला घास इकडून तिकडे ढकलला. "मला मुंग्या आवडतात, की मला दुसरं काही येतच नाही, हे कळत नाहीये मामा."

"सहा वर्षांनी?" मी विचारले.

"काहींना लग्नाचं तीस वर्षांनीही कळत नाही," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी विषय वाढवला नाही. आमच्या वेळी हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली, जाहिरात पाहिली, अर्ज केला आणि चिकटलो. हिशेबखाते आवडते का, असे मला कोणी विचारले नाही आणि मी आवडतो का, असे मीही हिशेबखात्याला विचारले नाही. दोघांचे बरे चालले आहे.

विद्यापीठाने मात्र अशा मुलांसाठी एक करिअर कक्ष उघडला होता. पूर्वी पदवी घेतली की मुले शिकवायला लागायची. आता शिकवायच्या जागा कमी आणि शिकलेले जास्त, म्हणून हा कक्ष. तिथल्या मॅडम आधी एका मोठ्या कारखान्यात माणसे नेमायचे काम करत. त्यांनी छोटीला समोर बसवून विचारले, "तुमच्या अंगी कोणती कौशल्यं आहेत?"

छोटीने प्रामाणिकपणे सांगितले, "मुंगीच्या पाठीवर ठिपका देता येतो."

"याला आपण सूक्ष्म हस्तकौशल्य म्हणू. आणखी?"

"तासन्‌तास न बोलता बसता येतं."

"एकाग्रता. आणखी?"

"मुंगी चावली तरी हात हलत नाही."

"छान. तणावाखाली काम करण्याची क्षमता."

छोटी घरी येऊन हे सांगत होती तेव्हा बायको म्हणाली, "या बाईंना एकदा तुझ्या मामाकडे पाठव. घोरण्यालाही काही तरी चांगलं नाव सापडेल."

मॅडमच्या कार्यक्रमात 'सावली' नावाचा एक प्रकार होता. विद्यार्थ्याने एखाद्या कामाच्या ठिकाणी एक दिवस जायचे, तिथल्या माणसांच्या मागे सावलीसारखे राहायचे, त्यांचे काम बघायचे आणि मधे बोलायचे नाही. छोटीने माझे ऑफिस निवडले.

"तुझ्या ऑफिसात मुंग्या नाहीत ना?" तिने खात्री करून घेतली.

"साखरेच्या डब्यात आहेत."

"त्या नाही धरत."

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीचे आणि दुरुस्तीचे काम करते. ऑफिस मात्र तळमजल्यावर आहे, आणि यावर नवीन येणारा प्रत्येक माणूस एकदा विनोद करतो. दारातून आत आले की डाव्या हाताला मेकॅनिक लोकांचे लाकडी बाकडे. समोर तक्रारींचे टेबल, त्यावर मोठ्या आवाजाचा जुना फोन, मागच्या भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्यात टोचलेल्या टाचण्या. या टेबलावरच्या बाईंना सगळे हॅलोबाई म्हणतात. पलीकडे ग्रीसचा वास येणारी सामानाची खोली, मॅनेजरसाहेबांची काचेची केबिन, आणि सगळ्यात शेवटी मी.

सावलीच्या दिवशी छोटी आली आणि ऑफिसचे रूप पालटले. साहेब टाय लावून आले आणि केबिनमध्ये उभ्याने फोनवर बोलले. एरवी फोन उचलून "हं, बोला, कुठे अडकलंय?" असे विचारणाऱ्या हॅलोबाई चक्क "नमस्कार, आपली काय मदत करू?" म्हणाल्या. पलीकडच्या माणसाने नंबर चुकला समजून फोन ठेवला. आमचा सर्वांत जुना मेकॅनिक, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, बाकड्यावर बसला म्हणून नाही. सकाळपासून उभा राहून एकच पुली पुसत होता. मीही, ज्या फायलीची कोणी चौकशी केलेली नव्हती, ती काढून तीन वेळा तपासली.

संध्याकाळी घरी जाताना छोटीने विचारले, "मामा, तुमचं ऑफिस रोज असंच असतं?"

"नाही," मी म्हणालो. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता.

"वाटलंच. डब्याचं झाकण पहिल्यांदा उघडलं की मुंग्याही अशाच करतात. सगळ्या एकदम कामात. त्यांना आपली सवय होईपर्यंत बसून राहावं लागतं."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडे आणखी काही दिवस बसायची परवानगी मागितली.

"पगार नाही ना मागणार?" साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारले.

"नाही."

"मग बसू दे. पंख्याखाली मात्र नको. ती जागा स्टाफची आहे."

करिअरच्या मॅडम आधी कुरकुरल्या. "सावली एका दिवसाची असते," त्या म्हणाल्या.

"मॅडम, एका दिवसात फक्त पाहुणचार दिसतो," छोटी म्हणाली. मॅडमनी जरा विचार केला आणि कागदावर 'विस्तारित सावली' असे लिहिले. नाव सापडले की त्यांची हरकत संपते.

मग छोटी सामानाच्या खोलीच्या दाराशी एका खुर्चीवर बसू लागली. दोन-तीन दिवसांत हॅलोबाईंचे "हं, बोला" परत आले. उस्ताद बाकड्यावर पाय पसरून बसला. साहेबांचा टाय गेला आणि आईशी फोनवर चालणारी त्यांची भांडणे दार उघडे ठेवून सुरू झाली. पुढच्या आठवड्यात हॅलोबाईंनी आपली पर्स छोटीच्या खुर्चीला अडकवली. खुर्चीत छोटी आहे हे त्यांना पर्स अडकवून झाल्यावर दिसले. मी स्वतः एका दुपारी टेबलाखाली बूट काढून, डोळे मिटून बसलो होतो. उघडले तर समोर छोटी.

"एका रकमेचा विचार करत होतो," मी म्हणालो.

"हो. मोठ्या आवाजात," ती म्हणाली.

एकदा तिच्या तोंडून निसटले, "हिरवे आज आले नाहीत का?" मग कळले की तिने मनातल्या मनात सगळ्यांना रंग दिले होते. उस्ताद हिरवा, हॅलोबाई लाल, मी करडा. त्या दिवशी सगळे काम थांबले. जो तो आपला रंग विचारायला आला. साहेबांनी माझ्याकरवी चौकशी केली. उत्तर आले की साहेबांना रंग दिलेला नाही. साहेब खट्टू झाले. शेवटी न राहवून ते स्वतःच विचारायला गेले, तेव्हा छोटीने समजावले, "राणी मुंगीला आम्ही बरेचदा ठिपका देत नाही, सर. ती आकारावरून ओळखू येते."

राणी म्हटल्यामुळे साहेब खूश झाले, आणि मग 'आकारावरून' हा शब्द लक्षात आल्यावर उरलेला दिवस पोट आत घेऊन फिरले.

सरांना उत्तर द्यायची तारीख जवळ येत होती आणि छोटी नुसती बघत बसली होती. "काय ठरलं?" असे मी रोज विचारायचो. ती म्हणायची, "अजून नीट दिसत नाहीये."

मग ती दुपार आली. मेकॅनिक सगळे बाहेर गेले होते, साहेब बँकेत. हॅलोबाईंचे डोके दुखत होते म्हणून त्या कोपऱ्यावर गोळी आणायला निघाल्या आणि जाता जाता, जशा कोणालाही सांगतील तशा सहज म्हणाल्या, "फोन बघ गं जरा."

त्यांची पाठ वळते न वळते तोच फोन वाजला. छोटीने त्या फोनकडे असे पाहिले, जणू डब्यातली मुंगी मान वर करून तिच्याशी बोलली. मी माझ्या टेबलावरून उठू लागलो, पण माझे गुडघे आणि मी हल्ली एकदम उठत नाही. मी पोचेपर्यंत तिने फोन उचललेला होता.

फोनचा आवाज मोठा, त्यामुळे मला पलीकडचेही ऐकू येत होते. एक माणूस एकटाच लिफ्टमध्ये अडकला होता. दिवाही गेला होता. त्याचे शब्द अर्धे येत होते आणि श्वास पूर्ण.

छोटीने इमारत विचारली, मजला विचारला, नकाशाकडे बघितले. मग स्वतःच्या मोबाइलवरून उस्तादला सांगितले, "काका, सकाळी बाकड्यावर तुम्ही म्हणालात ना, दुपारी जुन्या मंडईमागे जाणार म्हणून? तिथून पुढच्याच गल्लीत एक जण अडकलाय." आणि पुन्हा पहिला फोन कानाला लावला.

"निघालेत हो. दार ओढू नका. खाली बसता आलं तर बसा. तुम्ही काय करता?"

"काय करतो म्हणजे? अडकलोय."

"तसं नाही. काम काय करता?"

पलीकडे तो खाली बसल्याचा आवाज आला. मग, "दातांचा डॉक्टर आहे. वर पेशंट तोंड उघडून बसलाय."

"या क्षेत्राकडे कसे वळलात?"

हा प्रश्न मी ओळखला. करिअरच्या मॅडमनी, लोकांना भेटून विचारायचे म्हणून जे प्रश्न दिले होते, त्यातला तो पहिला होता. ऐन वेळी मुलीला दुसरे काही सुचले नव्हते.

"वडील दातांचे डॉक्टर होते," तो माणूस म्हणाला. "त्यांची खुर्ची होती. कुणीतरी ती वापरायलाच हवी होती."

"तुम्हाला काय व्हायचं होतं?"

"मला जहाजं बांधायची होती." श्वास आता शब्दांच्या मागे पडला होता.

"मग दात आवडायला लागले का?"

छोटीने फोन कानाशी आणखी घट्ट धरला. मला वाटले, फोन तुटला.

"लहान मुलांचे आवडतात," तो म्हणाला. "मुलं खरं सांगतात. दुखतंय म्हणजे दुखतंय. मोठी माणसं तोंड उघडून खोटं बोलतात."

"मग फक्त मुलांचेच का नाही बघत?"

"तेच तर. मी हिला कितीदा म्हटलं की..."

इथे धडधड आवाज झाला आणि मागून उस्तादचा आवाज आला, "या साहेब, या बाहेर." त्यावर डॉक्टरांचा, जरा चिडका, "एक मिनिट थांबा हो. मी बोलतोय."

उस्ताद परत आल्यावर हातवारे करून सांगत होता, "आयुष्यात पहिल्यांदा असं झालं. दार उघडून मी उभा, आणि माणूस आत बसून फोनवर. म्हणतो, महत्त्वाचं चाललंय."

हॅलोबाईंनी गोळी न घेताच खुर्ची गाठली होती. "मी दहा मिनिटं गेले तर इथे काय मुलाखती चालू केल्यास?" त्या म्हणाल्या, पण रागावून नाही.

त्या संध्याकाळी छोटी इतकी भराभर चालत होती की मला मधूनमधून पळावे लागले. कोपऱ्यावर थांबून ती म्हणाली, "मामा, मी आज सगळं बिघडवलं."

"काय बिघडवलंस?"

"बघायला बसले होते आणि मधे हात घातला. वारुळात असा हात घातला असता तर सरांनी प्रयोगशाळेतून काढलं असतं."

"मग वाईट वाटतंय?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे. अजिबात वाटत नाहीये."

त्यानंतर खुर्ची सामानाच्या खोलीकडून कधी फोनच्या टेबलाजवळ सरकली, हे कोणाच्या लक्षात आले नाही. साहेबांना त्या दिवसांत बाकडे काढून टाकायचे होते. मेकॅनिक काम संपले की परत येतात आणि चहा पीत गप्पा मारतात, तो वेळ फुकट जातो, असे त्यांचे म्हणणे. मेकॅनिकने घरूनच थेट कामावर जावे आणि तिथूनच घरी. मी या योजनेच्या बाजूने होतो. कागदावर ती फार नीटस दिसत होती.

छोटीने साहेबांना सांगितले, "बाकडं काढू नका, सर. कुठल्या लिफ्टची मोटर कसा आवाज करते, हे ते तिथेच एकमेकांना सांगतात. उद्या जाणाऱ्याला ते आजच कळलेलं असतं. बाहेरून आलेल्या मुंग्या दारात भेटतात, त्यावरून आतल्या ठरवतात बाहेर पडायचं की नाही. तुमची गडबड वेगळीच आहे. सगळे एकाच वेळी परत येतात. त्या वेळी नदीपलीकडे कुणीच नसतं, आणि फोन तिथूनच येतो."

"मग काय करायचं?"

"दोघांनी नदीपलीकडे थांबायचं. त्यांनी चहा उशिरा प्यायचा. रोज वेगळे दोघं."

साहेबांनी करून पाहिले. "अजून कसे आले नाहीत?" असे विचारणारे फोन बरेच कमी झाले. हॅलोबाईंनी जाहीर केले की त्यांनी कित्येक वर्षांनी ऑफिसात गरम चहा प्यायला. आणि महिना संपायला आठवडा राहिला असताना साहेबांनी छोटीला केबिनमध्ये बोलावून विचारले, "कोणता मेकॅनिक कुठे आणि केव्हा, हे ठरवायला मला माणूस हवाच आहे. थांबतेस का?"

आता खरी पंचाईत झाली. इतके दिवस एकच दार होते आणि त्यातून जावे की नाही हा प्रश्न होता. आता दोन झाली. करिअरच्या मॅडमनी दोन रकान्यांचा तक्ता करायला लावला. छोटीने केला. दोन्ही बाजू सारख्या भरल्या.

"मग आता?" तिने मॅडमना विचारले.

"तक्ता ठरवत नाही हो," मॅडम म्हणाल्या. "तक्ता केला की माणूस जरा शांत होतो. एवढाच त्याचा उपयोग. हे मी सगळ्यांना सांगत नाही."

ताईला फोनवर कळवले तेव्हा ती शांत होण्याच्या जवळपासही नव्हती. "इतकी वर्षं मुंग्या मोजल्या आणि शेवटी लिफ्टमध्ये?"

"आई, मी मोजत नव्हते."

"मी लोकांना काय सांगू? मुलगी डॉक्टर झाली आणि लिफ्टमध्ये गेली?"

"लिफ्टमध्ये नाही गं ताई, लिफ्टच्या ऑफिसात," मी मधे बोललो.

"तू गप रे. तुझ्याच ऑफिसानं माझी पोरगी पळवली."

खरे तर मी ताईच्याच बाजूने होतो. रात्रीच्या जेवणानंतर मी छोटीला माझ्या परीने समजावले. सरांकडे मार्ग आखलेला आहे. दोन वर्षे हे पद, मग वरचे, मग त्याच्या वरचे. "आमच्याकडे तशा पायऱ्या नाहीत," मी म्हणालो. "आमच्याकडे लिफ्ट आहे, आणि तीही दुसऱ्याची."

ती हसली नाही. "मामा, तिकडे मी हात घातला की काम बिघडतं. इकडे हात घातला नाही तर माणूस अडकून राहतो. मला दुसरं जास्त आवडेल, हे मला माहीतच नव्हतं. कधी करूनच बघितलं नव्हतं ना."

"मग प्रश्न सुटला."

"नाही सुटला. हे मला महिन्याभरात वाटायला लागलंय. सहा वर्षांपुढे एक महिना म्हणजे नमुना फार लहान झाला. यावरून काही सिद्ध होत नाही."

"मग नमुना मोठा कर," बायको भांडी आवरता आवरता म्हणाली.

"त्यासाठी तिथे राहावं लागेल, मामी."

"हो ना," बायको म्हणाली आणि आत गेली.  मग उठून तिने दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे काढून ठेवले, आणि ते ऑफिसचे नव्हते. सरांना भेटायला जायचे होते.

"मामा, तू चल. आत नको येऊस. दाराबाहेर बस."

मी दाराबाहेर बसलो. दार लागत नव्हते, त्यामुळे सगळे ऐकू आले. छोटीने एका दमात सांगून टाकले. 

"लिफ्ट," ते शेवटी म्हणाले.

"हो, सर."

"मेकॅनिक किती?"

"पंधरा-सोळा."

"लहान वसाहत आहे. त्यातले रिकामे किती बसतात?"

"कुठल्याही वेळी बघितलं तर निम्मे."

"आपल्याकडेही साधारण तसंच निघालं होतं," सर म्हणाले. आवाजात जरा जीव आला होता. "बाहेर जास्त कोण जातं? म्हातारे की तरुण?"

"इथे उलटं आहे, सर. तरुण बाहेर, म्हातारे बाकड्यावर."

"असं?" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मला तिथे एक दिवस येऊन बसता येईल?"

"सर, एका दिवसात काही दिसत नाही."

"हे तू मला शिकवू नकोस." मग कागद आवरल्याचा आवाज आला. "ती जागा मी दुसऱ्या कुणाला तरी देईन. तुझ्यासाठी राखून ठेवणार नाही, हे नीट लक्षात घे."

"घेतलंय, सर." तिचा आवाज बारीक झाला होता. "आणि मी चुकले असले तर?"

"तर कळव. इथून गेलेले सगळे फक्त बरोबर आलेलं कळवतात. त्यानं मला काही शिकायला मिळत नाही."

बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी तिची पिशवी घेतली आणि आम्ही घरी निघालो. 

यथावकाश तोंडी परीक्षा झाली, छोटी रीतसर डॉक्टर झाली आणि आमच्या ऑफिसात रुजू झाली. साहेबांनी तिला पंख्याखालची जागा दिली. ताईने "बरं" एवढेच म्हटले, आणि ते ज्या आवाजात म्हटले त्याला करिअरच्या मॅडमनाही चांगले नाव सापडले नसते.

थोड्याच दिवसांत छोटीने पहिली मोठी चूक केली. नदीपलीकडच्या दोघांना तिने एकाच इमारतीत पाठवले. ते दोघे तिथे आधी कोणी हात लावायचा यावर वाद घालत बसले, आणि तिकडे एका कापडदुकानाच्या मालकाला बंद लिफ्टमुळे आपल्या गोदामापर्यंत जिना चढावा लागला. गोदाम सहाव्या मजल्यावर. तो प्रत्येक मजल्यावर थांबून फोन करत होता आणि प्रत्येक मजल्यावर त्याचा दम कमी आणि राग जास्त होत होता. छोटीने सगळे ऐकून घेतले. "चूक माझी आहे," ती म्हणाली, उस्तादला पाठवले, आणि फोन ठेवून टाचण्या नव्याने लावायला बसली. साहेब चार शब्द बोलले. ते मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू आले.

मला धाकधूक वाटत होती. घरी गेल्यावर तिने आधी ताईला फोन लावला, तेव्हा मी मनाची तयारी केली. पण खोलीतून ऐकू येऊ लागला तो त्या दुकानदाराचा आवाज. पहिल्या मजल्यावरचा, दुसऱ्या मजल्यावरचा, तिसऱ्यावर धापा टाकणारा. मधेच भांडणारे मेकॅनिक, मधेच साहेब. सगळे आवाज एकटी छोटी काढत होती. बायको पदराने तोंड दाबून दारात उभी होती.

मधेच कोणीतरी बेल वाजवली म्हणून छोटी फोन माझ्या हातात देऊन दार उघडायला गेली.

"काय रे," ताईने दबक्या आवाजात विचारले, "हिला आज बढती मिळाली का?"

"नाही गं. बोलणी खाल्ली."



"तिला दे परत फोन," मग ताई म्हणाली. "तो माणूस पाचव्या मजल्यावर होता. पुढचं राहिलंय."